पाचशे रत्तल गवत : गोदावरी परुळेकर यांच्या चरित्राची प्रस्तावना

पाचशे रत्तल गवत कापण्याचे अडीच रुपये. १९४५ च्या ऑक्टोबरात ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या वारली आदिवासींची मागणी एवढीच होती. रत्तल म्हणजे पौंड. पाचशे रत्तल म्हणजे आजच्या मापात सव्वादोनशे किलो. पाऊस सरता सरता उंबरगाव-डहाणूकडच्या माळांवर गवत कमरेच्या वर जातं. दिवसभर वाकून ते विळ्यानं कापायचं, पसरून वाळवायचं, भारे बांधायचे आणि मालक सांगेल तिथे नेऊन टाकायचे. पुढे ते रेल्वेनं मुंबईला जाई, तबेल्यातल्या म्हशींपुढे पडे आणि दूध होऊन शहराच्या सकाळच्या चहात उतरे. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ साली सुरू झाल्यापासून इथल्या गवताला आणि लाकडाला मुंबईचा बाजार मिळाला होता. मालकांची त्यात भरभराट झाली. कापणाऱ्याच्या हातावर काय ठेवायचं हे मात्र मालकच ठरवत आला होता. १९४५ साली कापणाऱ्यानं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं भाव सांगितला.

त्यापायी तलवाड्याला गोळीबार झाला. १० ऑक्टोबरच्या रात्री सुरू झालेला तो प्रकार दुसऱ्या दिवसापर्यंत चालला. पाच माणसं गेली. त्यांतलं पहिलं नाव जेठ्या गांगड.

गोदावरी परुळेकरांच्या या छोटेखानी चरित्राची प्रस्तावना लिहायला बसले, तेव्हा रीतीप्रमाणे जन्म, शिक्षण, तुरुंगवास या क्रमानं जावं असं मनात होतं. पण हात सारखा या गवताकडेच वळत राहिला. बाईंच्या आयुष्यातली बरीच मोठी कामं मला त्या अडीच रुपयांच्या मागणीत एकत्र आलेली दिसतात, म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

माझं बालपण पालघरचं. गावाच्या मधोमध हुतात्मा स्तंभ आहे. त्या चौकाला आम्ही सगळे पाचबत्ती म्हणतो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण धारातीर्थी पडले, त्यांची ती आठवण. दर वर्षी त्या दिवशी शाळेतून रांगेनं आम्ही तिथे जात असू. त्या पाचांची नावं आम्हा मुलांना पाढ्यांसारखी पाठ होती, आजही आहेत. तलवाड्याचे पाच मात्र शाळेत कोणी सांगितले नाहीत. तेही याच जिल्ह्यातले, याच दशकातले, याच सरकारच्या गोळ्यांनी मेलेले. मला ते भेटले कॉलेज संपल्यानंतर, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक हाती आलं तेव्हा. रात्रीतून पुस्तक वाचून काढलं आणि पहाटे मनात पहिला विचार आला तो असा की, जिथे मी लहानाची मोठी झाले त्या जिल्ह्याची निम्मी गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. हे चरित्र शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी लिहिलं गेलं आहे याचा मला विशेष आनंद आहे, तो या कारणानं.

आता थोडं त्यांच्या घराविषयी. गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ सालचा, पुण्याचा. वडील लक्ष्मणराव नावाजलेले वकील. नामदार गोपाळ कृष्ण गोखले नात्यातले. घराणं नेमस्त विचारांचं, सुशिक्षित, सुस्थितीतलं. मुलीनं शिकावं याला तिथे विरोध नव्हता. गोदावरी फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदेपदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण शिकलेल्या मुलीनं सत्याग्रहात उतरून तुरुंगात जावं हे त्या नेमस्तपणात बसणारं नव्हतं. १९३२ साली त्यांना शिक्षा झाली. घरात मतभेद विकोपाला गेले. गोदावरी मुंबईला निघून आल्या.

मुंबईत त्या भारत सेवक समाजाच्या कामात शिरल्या. ही संस्था नामदार गोखल्यांनीच १९०५ साली पुण्यात काढलेली. आयुष्य देशाला द्यायचं, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, अशा शपथा घेऊन तिथे सभासद व्हायचं. तोवर तिथे एकही स्त्री आजीव सभासद नव्हती. पहिल्या झाल्या गोदावरीबाई. मुंबईच्या कामगार वस्त्यांतली प्रौढ साक्षरतेची मोहीम त्यांनी हाती घेतली. आणि १९३८ साली घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. या शेवटच्या कामापाशी वाचकानं जरा थांबावं असं मला वाटतं. गिरणी कामगाराला कामगार म्हणायला तेव्हा सगळे शिकले होते. दुसऱ्याच्या मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईला तो शब्द लावायचं कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली, म्हणजे बरोबर सत्तर वर्षांनी.

याच काळात शामराव परुळेकरांशी त्यांचं काम जुळलं आणि मनही. शामरावही भारत सेवक समाजातलेच. कामगार संघटनेतला कसलेला माणूस. १९३७ साली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळावर निवडून आले होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, रद्द करा म्हणत मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्या मोर्चात शामराव पुढे होते. १९३९ साली दोघांचं लग्न झालं. दोघं कम्युनिस्ट पक्षात गेली. सेवेच्या संस्थेत राहून जे करता येईल त्याची सीमा दोघांनाही दिसली होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं, युद्धविरोधी प्रचार केला म्हणून १९४० साली सरकारनं दोघांना आत टाकलं. सुटका झाली १९४२ साली.

यापुढचा त्यांचा प्रांत, उंबरगाव-डहाणूचा, मुंबईपासून रेल्वेनं काही तासांवर होता, आणि तरी वेगळ्याच युगातला होता.

वेठ म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगायला हवं, कारण ‘वेठीस धरणे’ हा शब्दप्रयोग आपण बँकेच्या संपाच्या बातमीतही वापरतो आणि त्या शब्दात किती रक्त साकळलं आहे ते विसरतो. जमीनदाराचा माणूस पाड्यावर येऊन हाक मारी. हाक आली की वारल्यानं स्वतःचं शेत, आजारी पोर, चुलीवरची आंबील, सगळं तसंच टाकून जायचं. मालकाची नांगरणी, लावणी, कापणी, लाकडं फोडणं, पाणी भरणं, मालकाच्या पाहुण्याला उचलून नेणं. मजुरी नाही, दिलीच तर मूठभर भात. नकार दिला तर मार. स्वतःच्या खंडाच्या जमिनीची पेरणी मागे राहिली की पीक बुडायचं, पीक बुडालं की पावसाळ्यात खायला नाही, मग मालकाकडूनच खावटी. खावटी म्हणजे पोटापुरतं उसनं धान्य, सुगीला दीडपटीनं फेडायचं. फेड झाली नाही की पुन्हा वेठ. चक्र असं पुरं व्हायचं.

त्याहून भयंकर होता लग्नगडी. लग्नासाठी मालकाकडून थोडी रक्कम घेतली की ती फिटेपर्यंत नवरा मालकाचा गडी, आणि बायकोही त्याच दावणीला. रक्कम फिटत कधीच नसे, कारण हिशेब मालकाच्या चोपडीत आणि चोपडी वाचता येणारा एकटा मालक. लग्न हा शब्द आपल्याकडे वाजंत्री घेऊन येतो. उंबरगाव तालुक्यात तो आयुष्यभराची गुलामी घेऊन येत होता. त्या गड्याच्या बायकोवर मालक आपला हक्क समजे, याबद्दल गोदावरीबाईंनी संयमानं पण न लपवता लिहिलं आहे. मी इथे अधिक लिहीत नाही.

ज्या जमिनीवर वारली गुलाम झाला, ती मुळात त्याचीच होती. इंग्रजांनी शेतसारा रोख पैशात मागायला सुरुवात केली. पैसा होता सावकाराकडे, दारूच्या मक्तेदाराकडे आणि लाकडाच्या व्यापाऱ्याकडे. जंगल राखीव झालं, तेव्हा हातचा दुसरा आधारही गेला. दोन-तीन पिढ्यांत जमीन कागदोपत्री दुसऱ्याची झाली आणि कसणारा कूळ उरला.

इथे मला गोदावरीबाईंची कायद्याची पदवी राहून राहून आठवते. कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे राबवून घेणं हा गुन्हा होता. भारतीय दंड संहितेच्या ३७४ व्या कलमात तो लिहिलेला होता, एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होती, आणि ही संहिता १८६० सालची. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षं वेठ हा गुन्हा होता आणि तेवढीच वर्षं वेठ चालू होती. सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. सिमिंग्टन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्यानं १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला आदिवासी भागांचा अहवाल दिला होता आणि त्यात वेठ, मारहाण, कर्ज सगळं नमूद होतं. अहवाल दप्तरात गेला. पाड्यावरची हाक थांबली नाही. कायदा शिकलेल्या एका बाईनं हे समोर पाहिलं. खटला भरायचा तर तक्रार हवी, तक्रारीला साक्षीदार हवा, आणि साक्षीदार तर फौजदाराची सावली दिसली तरी जंगलात पळत होता. आधी त्या माणसाचं भय जायला हवं होतं. ते घालवण्याचं कलम कुठल्याही संहितेत नाही.

त्यांनी काय केलं? त्या चालल्या. पाड्यापाड्यांत गेल्या, झोपडीत राहिल्या, जे शिजलं असेल ते जेवल्या, वारल्यांची बोली कानात साठवली. दिवसा माणसं मालकाच्या कामावर, म्हणून बैठका रात्री. वारली त्यांना गोदाराणी म्हणू लागले, त्याआधीचा काळ मोठा होता. शहरातून आलेलं पांढरपेशं माणूस म्हणजे एकतर सरकार, नाहीतर सावकार, हा पिढ्यांचा अनुभव होता, आणि तो एका भाषणानं पुसला जाणारा नव्हता. चरित्रकार या भागात घाई करत नाहीत, ते मला फार आवडलं.

१९४५ च्या जानेवारीत तिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचं, म्हणजे परुळेकर ज्या शेतकरी संघटनेत काम करत होते तिचं, पहिलं अधिवेशन झालं. तिथून परतलेल्या वारल्यांनी लाल बावट्याची बातमी पाड्यापाड्यांत नेली. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. पाच हजार माणसं आली. मालकाच्या परवानगीशिवाय घरचं लग्न न काढू शकणारी माणसं. त्यांनी ठरवलं : यापुढे कोणी वेठ करायची नाही. मालकाच्या खासगी जमिनीवर रोख बारा आणे रोजाखेरीज राबायचं नाही. लग्नगडी सोडवायचे.

मे महिना. पुढे पंधरा दिवसांत पाऊस, पेरणी. मालकाच्या शेतावर हात लागतात ते याच दिवसांत, आणि ठराव झाला तोही याच दिवसांत. पाऊस आला, नेहमीप्रमाणे पाड्यावर हाक आली, आणि कोणी उठून गेलं नाही. लग्नगड्यांना तर वारल्यांनी स्वतः जाऊन मालकांच्या वाड्यांतून बाहेर आणलं. ना कोर्ट, ना हुकूमनामा. भारताच्या संविधानातलं २३ वं कलम वेठबिगारीला मनाई करतं. ते अमलात आलं १९५० साली. वेठबिगार मुक्तीचा केंद्राचा कायदा आला १९७६ साली. झरीचा ठराव या दोन्हींच्या आधीचा आहे. याचा अर्थ वेठ देशातून किंवा जिल्ह्यातूनही एका दमात संपली असं मी म्हणत नाही. १९८० च्या दशकातही ठाणे जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत वेठबिगार सोडवण्यासाठी कार्यकर्त्यांना झुंजावं लागलं. पण उंबरगाव-डहाणूत ती मोडली ती १९४५ च्या पावसाळ्यात, आणि ज्यांच्या मानेवर होती त्यांनीच मोडली.

मग आलं गवत.

पावसाळ्यानंतरचा गवताचा हंगाम हाच मालकांचा रोकड पैसा. वारल्यांनी पाचशे रत्तलांना अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. संप मोडेना. तेव्हा १० ऑक्टोबरला गावोगाव निरोप फिरला की, गोदाराणी तलवाड्याला येणार आहेत, मालकांचे गुंड त्यांच्यावर हल्ला करणार आहेत, तेव्हा काठ्या-कोयते घेऊन सगळ्यांनी या. निरोप खोटा होता. बाई तिथे येणारच नव्हत्या. पण ज्या बाईसाठी जीव द्यायला माणसं तयार होती तिच्या नावानं हाक आल्यावर खातरजमा कोण करत बसणार? हजारो वारली जमले, हातांत हत्यारं होती, आणि पोलिसांना जे कारण हवं होतं ते मिळालं. गोळ्या झाडल्या गेल्या. जमाव हलला नाही. बाईंना सोडून कसं जायचं, हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तासामागून तास माणसं तिथेच बसून राहिली, आणि मधून मधून गोळ्या येत राहिल्या.

ही हकीकत मी अनेकदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडते. जेठ्या गांगड मेला तो एका खोट्या निरोपापायी हे खरं. पण त्या निरोपावर त्याचा विश्वास बसला, कारण त्याला राखावंसं वाटेल असं काहीतरी आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. गोदावरीबाईंनी ते ओझं पुढची पन्नास वर्षं कसं वाहिलं असेल, याचा विचार वाचकानं जरूर करावा.

त्यानंतर परुळेकरांसह किसान सभेच्या कार्यकर्त्यांना जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. सरकारची अटकळ अशी की, पुढारी गेले की संप विरेल. पुढारी नसताना वारल्यांनी संप चालवला, शांततेनं चालवला, आणि मालकांनी अडीच रुपये मोजले. माझ्या मते बाईंच्या सबंध कार्यातली सर्वांत मोठी घटना ही, आणि ती घडली तेव्हा त्या तिथे नव्हत्या. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामावर सव्वा रुपया रोज मागून वारल्यांनी दुसरा लढा दिला, तोही जिंकला. १९४७ च्या जानेवारीत नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा माणसं मेली. या वेळी प्रांतात निवडून आलेलं काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आलं होतं.

एका अवघड जागेला आता हात लावते. गोदावरीबाईंना स्वातंत्र्यसैनिक म्हणायचं का, असा प्रश्न मला भाषणांनंतर विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्यांचा मुद्दा खोटा नसतो. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरनं रशियावर स्वारी केली, त्यानंतर कम्युनिस्ट पक्षानं महायुद्धाला लोकयुद्ध म्हटलं आणि १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यापासून पक्ष दूर राहिला. पाचबत्तीच्या सावलीत वाढलेल्या मला हे मुकाट गिळता येत नाही. पक्षाची ती भूमिका चुकीची होती असं माझं मत आहे, आणि तिची किंमत पक्षानं मराठी मनात पुढे दीर्घकाळ मोजली. चरित्रकारांनी हे प्रकरण टाळलेलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. पण ज्या बाईला इंग्रज सरकारनं १९३२ साली शिक्षा केली, १९४० साली आत ठेवलं, १९४५ साली जिल्ह्यातून हद्दपार केलं, तिचं नाव एका वर्षाच्या हिशेबावर खोडून टाकणं मला पटत नाही. आणि पालघरच्या पाचांपुढे तलवाड्याचे पाच उभे करून कोण मोठे ते मोजणं तर अगदीच नको. दोन्हीकडच्यांच्या अंगावर एकाच सरकारच्या गोळ्यांच्या खुणा होत्या. पालघरचे इंग्रजांना जा म्हणाले. तलवाड्याच्यांना इंग्रज फारसा कधी दिसलाच नव्हता. त्यांच्या दारात साम्राज्य आलं होतं ते मालकाच्या कारभाऱ्याच्या रूपानं. त्यांनी त्याला नाही म्हटलं.

स्वातंत्र्यानंतरची वर्षं मी लवकर उरकते, कारण चरित्रात ती तपशिलानं आहेत. पुन्हा तुरुंग, पुन्हा सुटका. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला, आणि ज्या पाड्यांनी एकत्र लढा दिला त्यांच्यामधून राज्याची सीमा गेली. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या धरपकडीत दोघं पुन्हा स्थानबद्ध झाली. १९६५ साली स्थानबद्धतेतच शामरावांचा मृत्यू झाला. इंग्रजांच्या आणि स्वदेशी सरकारच्या तुरुंगांत मिळून बाईंची आयुष्यातली सुमारे आठ वर्षं गेली. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘बंदिवासाची आठ वर्षे’ आहे.

तलासरीत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आदिवासी प्रगती मंडळ उभं केलं, मुलांसाठी वसतिगृह काढलं, शाळा आल्या. आज तिथल्या महाविद्यालयाला त्यांचंच नाव आहे. लढाऊ बाई म्हातारपणी शाळा काढून शांत बसली, असं याकडे पाहू नये. मालकाच्या चोपडीवर अंगठा उठवून ज्या माणसांची जन्माची गुलामी ठरली, त्यांच्या नातवंडांना ती चोपडी वाचता यायला हवी होती. मुंबईच्या वस्त्यांत साक्षरतेचे वर्ग घेणारी तरुण गोदावरी आणि तलासरीची गोदाराणी यांच्यात मला सलग रेघ दिसते. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्या गेल्या. दोन दिवसांनी तलवाड्याच्या हुतात्म्यांचा स्मरणदिन होता.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या नावाकडे मी विद्यार्थ्यांचं लक्ष नेहमी वेधत असे. जागा करणं आणि जागा होणं ही आपल्या भाषेत दोन वेगळी क्रियापदं आहेत. पहिल्याला करणारा लागतो. बाईंनी दुसरं निवडलं आणि नावातून स्वतःला काढून घेतलं. वेठ मोडल्यावर पंचवीस वर्षांनी, तीन दशकांच्या कार्याच्या जोरावर, त्या सहज ‘मी आणि वारली’ अशा थाटाचं नाव देऊ शकल्या असत्या. मराठीत तशी पुस्तकं कमी नाहीत. ज्यांनी आयुष्य दिलं त्यांना आपण उद्धारक म्हणतो, कैवारी म्हणतो, आणि मग ज्यांचा उद्धार झाला ते आपोआप चित्रात मागे, अस्पष्ट, घोळक्यानं उभे राहतात. गोदावरीबाईंवरच्या लेखांतही हे पुष्कळ झालं आहे. मीही पूर्वी एका व्याख्यानात त्यांना वारल्यांची मुक्तिदात्री म्हटलं होतं. आज तो शब्द मी मागे घेते.

म्हणून तरुण वाचकांना एक सुचवते. चरित्राची सुरुवात पुण्यातल्या घरापासून होते, आणि तशी व्हायलाही हवी. तुम्ही मात्र आधी तिटवाळ्याचं प्रकरण काढा आणि मग मागे जा. अधिवेशनाला जिल्हाभरातून शेतकरी आले होते. त्यांत उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली होते, आणि त्यांच्यात माह्या धांगडा नावाचा एक जण. एवढ्या माणसांपुढे बोलायची त्याची पहिलीच वेळ. तो उभा राहिला आणि आपल्या बोलीत सांगू लागला की, आमच्याकडे वेठ कशी असते. मंडपात बसलेल्या कुळांनाही ते नवं होतं. तेही गरीबच होते, पण असं त्यांनी ऐकलं नव्हतं. माह्या बोलत राहिला. गोदावरीबाई ऐकत होत्या.